नाण्यावर नाव एकाचं, राज्य दुसऱ्याचं

समजा चुडाव्यातल्या एखाद्या घरी आजीच्या पेटीतून चांदीचा जुना रुपया निघाला. फारसी वाचता येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, "यावर बादशहा शाह आलमचं नाव आहे, टाकसाळ खुजिस्ता बुनियाद, म्हणजे औरंगाबाद." तुम्ही वहीत काय लिहाल? 'अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठवाड्यात मुघलांची सत्ता होती.' बरोबर ना?

नाही. इथेच आपण घसरतो.

१७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला हरवलं. त्यानंतर दख्खनमध्ये दिल्लीची सत्ता नावापुरती उरली. पण नाव मात्र उरलंच! निजाम कागदोपत्री बादशहाचा सुभेदार राहिला आणि नाणीही बादशहाच्याच नावाने पाडत राहिला. हे थेट १८५७ पर्यंत चाललं. पुढे बहादूरशहा जफरची गादी गेल्यावरच निजामाचं नाव नाण्यावर आलं. पेशव्यांच्या काळातला अंकुशी रुपया घ्या, त्यावरही मुघल बादशहाचंच नाव. सराफाला ओळखीचा छाप हवा असतो आणि राज्यकर्त्याला जुन्या गादीची मान्यता.

आता उलटं उदाहरण बघू. पोलंडच्या राजसत्तेखालचं बंदर ग्दान्स्क. शहराने नवा राजा स्तेफान बातोरी याला मानायला नकार दिला. १५७७ मध्ये राजाने वेढा घातला. शहराने त्या वेढ्यात चांदीचे थालर पाडले. त्यांवर राजाऐवजी येशू ख्रिस्ताची प्रतिमा होती. आज हे नाणं दुर्मीळ आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस तह झाला आणि शहराने राजाला मान्यता दिली.

म्हणजे बघा, ग्दान्स्कने नाव काढून बंड जाहीर केलं. निजामाने नाव ठेवून स्वतंत्र कारभार केला. आणि १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी होनावर स्वतःचं नाव घातलं, तोही जाहीरनामाच होता. नाण्यावरचं नाव हा राजकीय दावा असतो, सत्तेचा दाखला असेलच असं नाही.

मग खरी सत्ता शोधायची कुठे? बारीक खुणांत. नासिर-उद-दौलाच्या (१८२९–१८५७) रुपयांवर बादशहाच्या नावासोबत एक छोटंसं 'नून' अक्षर दिसतं. ते खुद्द निजामाच्या नावाचं आद्याक्षर! अडचण अशी की, ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेरच राहायचा. म्हणून एका नाण्यावर निष्कर्ष काढू नका. त्याच टाकसाळीची चार-पाच नाणी शेजारी ठेवा, हिजरी सन आणि जुलूस सन ताडून पाहा, मगच वाक्य लिहा.

नाहीतर आजीच्या पेटीतला एक रुपया आपल्या परभणीच्या इतिहासात मुघलांना फुकटची शंभर वर्षं देऊन जाईल.