आयर्न : ब्लेड आणि कॅव्हिटी बॅक

गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे काठ्या, ठेवता येतात. त्यांतल्या धातूच्या चपट्या डोक्याच्या, क्रमांक असलेल्या काठ्यांना आयर्न म्हणतात. क्रमांक जितका मोठा, तितका चेंडूला भिडणाऱ्या बाजूचा उतार, म्हणजे लॉफ्ट, अधिक. चेंडू उंच जातो आणि कमी अंतर कापतो. समोरून पाहिले तर बहुतेक आयर्न सारखेच दिसतात. खरा फरक पाठीत असतो. ब्लेडची पाठ भरीव असते आणि मध्याखाली धातूचा फुगवटा असतो, म्हणून त्याला मसल बॅक असेही नाव आहे. कॅव्हिटी बॅकची पाठ पोखरलेली असते आणि तिथून वाचवलेला धातू टाच, टोक आणि तळ या कडांकडे नेलेला असतो.

धातूची ही हलवाहलव फटका चुकल्यावर कामी येते. सात नंबरच्या आयर्नचे डोके पाव किलोच्या थोडे वर भरते. चेंडू त्याच्या बरोबर मध्यावर लागला तर दोन्ही प्रकार उत्तम काम करतात. चेंडू टोकाकडे लागला की डोके स्वतःभोवती गरकन फिरू पाहते. अंतर घटते, दिशा बिघडते. कावडीच्या दोन्ही टोकांना भरल्या घागरी असल्या की ती चटकन वळवता येत नाही, तेच तत्त्व इथे लागू पडते. वळण्याला होणारा हा विरोध, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, वजन गुणिले अंतराचा वर्ग या हिशेबाने वाढतो. २० ग्रॅम धातू मध्यापासून १ सेंटिमीटरवर असेल तर त्याचा वाटा २० भरतो. तोच ३ सेंटिमीटरवर नेला की १८०. धातू तेवढाच राहतो, पण वळण्याला होणाऱ्या विरोधातला त्याचा वाटा नऊपट होतो. कॅव्हिटी बॅक चूक पोटात घालतो, तो असा. पुसून टाकत मात्र नाही, आणि हे विक्रेत्याने सांगितले नाही तरी खेळाडूने ध्यानात ठेवावे.

ही कल्पना बाजारात रुजवली कार्स्टन सोलहाइम यांनी. नॉर्वेतल्या बर्गन येथे १९११ मध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत सिअॅटलला वाढलेले सोलहाइम तरुणपणी चर्मकाराचे दुकान चालवत होते. पुढे ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता झाले. गोल्फ त्यांनी चाळिशी उलटल्यावर हाती घेतला. १९५९ मध्ये त्यांनी टाच आणि टोक जड असलेला पटर, म्हणजे चेंडू खड्ड्याकडे घरंगळवण्याची काठी, बनवला. चेंडूला लागताच त्यातून ‘पिंग’ असा आवाज निघे, तेच कंपनीचे नाव झाले. १९६१ मध्ये पाठ पोखरलेले पहिले आयर्न आले आणि १९८२ चा ‘आय २’ हा संच तर हौशी व व्यावसायिक, दोघांच्याही पिशव्यांत जाऊन बसला.

ब्लेडची परंपरा त्याहून जुनी आणि तिचा मान आजही मोठा आहे. भीषण मोटार अपघातातून वाचलेले गोल्फपटू बेन होगन यांनी जेमतेम १६ महिन्यांनी, जून १९५० मध्ये, मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन स्पर्धेत अठराव्या होलवर एक नंबरच्या आयर्नने मारलेला फटका ब्लेडचाच. टायगर वुड्स कारकीर्दभर ब्लेडच वापरत आले. पातळ तळ आणि बारीक वरची कड यांमुळे निष्णात खेळाडूला चेंडू हवा तसा डावी-उजवीकडे वळवता येतो, मुद्दाम खाली ठेवता येतो. चुकीचा निरोपही लगेच हाताला मिळतो. तरीही व्यावसायिकांची मोठी संख्या आज लहान आकाराचे कॅव्हिटी बॅक वापरते, ही गोष्ट ब्लेडच्या आकर्षणात पडलेल्या नवख्याने विसरू नये.

सर्वांत मोठा गैरसमज ‘ब्लेड म्हणजे घडीव आणि कॅव्हिटी म्हणजे ओतीव’ हा आहे. पुण्याजवळच्या तळेगाव-चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात तरी तो टिकू नये. घडाई आणि ओतकाम यांतला फरक इथल्या कामगाराला रोजच्या भाकरीतून ठाऊक आहे. पुण्यातल्या मुंढव्याची घडाईची कंपनी भारत फोर्ज १९६१ मध्ये, म्हणजे पाठ पोखरलेल्या पहिल्या आयर्नच्याच वर्षी, स्थापन झाली. तिचे काम चाकणमध्येही चालते. जास्त ताणाचा क्रँकशाफ्ट घडीव घेतात, कारण लाखो फेऱ्यांचा ताण सोसताना पोलादातले तंतू आकाराबरोबर वळलेले असावे लागतात. आयर्नच्या डोक्याला असा ताण नसतो; मजबुतीपुरते दोन्ही पुरेसे. घडीव डोके मऊ कार्बन पोलादाचे असते, म्हणून त्याचा लॉफ्ट आणि दांड्याशी असलेला कोन वाकवून खेळाडूच्या उंचीला जुळवता येतो. कडक स्टेनलेस पोलादाच्या ओतीव डोक्याला तितके वाकवणे अवघड जाते. हा खरा, उपयोगी फरक. जपानमधील हिमेजीच्या परिसरात तर घडीव कॅव्हिटी बॅकही बनतात. ओतीव डोकी मेणाच्या नमुन्यावरून तयार होतात. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मूर्तींसाठी वर्णिलेली मेणाची पद्धत याच कुळातली.

निवड करताना मैदानही पाहावे. तळेगाव दाभाड्याच्या खेळाडूला येरवड्याचा पूना क्लबचा गोल्फ कोर्स किंवा लवळ्याच्या डोंगरातला ऑक्सफर्ड गोल्फ कोर्स गाठता येतो. लवळ्याच्या डोंगरउतारावर पाय क्वचितच सपाट जमिनीवर येतात, त्यामुळे चेंडू मध्यावर लागणे आणखी कठीण. हवामानाचाही विचार हवा. पावसाळ्यात माती भिजलेली असते. रुंद तळाचा कॅव्हिटी बॅक तिच्यात रुतत नाही. एप्रिल-मेच्या कडक जमिनीवर तोच रुंद तळ उसळतो आणि चेंडूच्या पोटाऐवजी डोक्याला लागतो. तिथे ब्लेडचा पातळ तळ सरस ठरतो. वर्षभर खेळणाऱ्याने मध्यम रुंदीचा तळ पाहावा.

अंतराच्या आकड्यांवर तर मुळीच भुलू नये. जुन्या ब्लेडच्या सात नंबरचा लॉफ्ट सुमारे ३५ अंश असे. आजच्या मोठ्या कॅव्हिटी बॅकचा तो ३० किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे नव्या आयर्नवरचा ‘सात’ हा जुन्या मापाने जवळजवळ सहा किंवा पाच आहे. दुकानात दोन सात नंबरच्या फटक्यांचे अंतर तोलणे फसवे आहे. लॉफ्टचे अंश विचारावेत.

निवड करण्याचा भरवशाचा मार्ग स्वस्त आहे. आयर्नच्या दर्शनी बाजूवर टाल्कम पावडर भुरभुरवून सात नंबरने तीस चेंडू मारावेत आणि प्रत्येक फटक्यानंतर ठसा पाहून पुन्हा पावडर लावावी. ठसे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत येत असतील तर ब्लेडचा विचार करायला हरकत नाही. टाचेपासून टोकापर्यंत विखुरले असतील तर कॅव्हिटी बॅकच घ्यावा. मधल्या अवस्थेतल्या खेळाडूला मिश्र संच चालतो: चार ते सात कॅव्हिटी बॅक आणि आठ, नऊ ब्लेड, कारण लांब आयर्नवर चूक महाग पडते. पहिला संच मात्र प्रत्येकाने कॅव्हिटी बॅकचाच घ्यावा. ब्लेडची ओढ असेल तर जुन्या बाजारातून एकटा सात नंबर आणून तो सरावालाच ठेवावा.