पॅसिव्ह व्हॉइस : एका रचनेची घडण

शालेय इंग्रजी व्याकरणात पॅसिव्ह व्हॉइस एखाद्या कृतीसारखा शिकवला जातो. कर्म पुढे आणावे, 'बी' या साहाय्यक क्रियापदाचे काळानुरूप रूप घ्यावे, मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित लावावे आणि कर्त्याला 'बाय' जोडून शेवटी बसवावे. कृती चुकीची नाही. परंतु ही रचना इंग्रजीत प्रथमपासून अशीच, पूर्ण घडलेली होती असा समज तिच्यामुळे होतो. इतिहास पाहता या कृतीतली प्रत्येक पायरी वेगवेगळ्या शतकांत बसवली गेली आहे, असे दिसते.

चौथ्या शतकातील गॉथिक बायबलमध्ये वर्तमानकाळी कर्मणि अर्थ केवळ प्रत्ययाने दाखवता येत असे. जुन्या इंग्रजीत त्याचा एकच अवशेष उरला : 'म्हटला जातो' या अर्थाचे 'हात्ते' हे रूप. एरवी धातुसाधिताबरोबर साहाय्यक क्रियापद लागे, आणि ती होती दोन : 'असणे' या अर्थाचे 'बेओन' अथवा 'वेसान', आणि 'होणे' या अर्थाचे 'वेओर्थान'. जर्मनने ही जोडी 'झाइन' आणि 'वेर्डेन' या रूपांत आजही सांभाळली आहे. दार बंद आहे आणि दार बंद केले जात आहे, हा भेद ती साहाय्यकातूनच दाखवते. इंग्रजीत मात्र मध्ययुगाच्या अखेरीस 'वेओर्थान' लोपले. म्हणूनच 'द डोअर वॉज क्लोज्ड' हे वाक्य स्थिती सांगते की क्रिया, हे संदर्भावाचून ठरत नाही.

'बाय'चा अधिकारही उशिराचा. जुन्या इंग्रजीत कर्त्यासाठी 'फ्रॉम' आणि 'थ्रू' यांचे पूर्वज वापरीत. पुढे 'ऑफ'चा काळ आला. १६११च्या बायबल-भाषांतरात हा 'ऑफ' अजून ठायी ठायी आढळतो.

'ही वॉज गिव्हन अ बुक' या वाक्याची कथा अधिक बोधप्रद आहे. जुन्या इंग्रजीत घेणारी व्यक्ती चतुर्थीत असे आणि कर्मणि रचनेतही चतुर्थीतच राही. विभक्तिप्रत्यय झिजल्यावर क्रियापदाआधी येणारे नाम हा कर्ताच, अशी वाचण्याची सवय जडली आणि 'त्याला'चा 'तो' झाला. मराठीत आपण 'त्याला पुस्तक दिले गेले' असेच म्हणतो. या बाबतीत मराठी जुन्या इंग्रजीच्या शेजारी उभी आहे. हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांना का अडते, याचे एक उत्तर येथे सापडते.

सर्वांत मोठा वाद झाला तो 'द हाउस इज बीइंग बिल्ट' या रचनेवर. तत्पूर्वी याच अर्थाने 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. नवी रचना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली. रॉबर्ट सदी या कवीच्या १७९५च्या पत्रातील तिचा वापर प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ग्रँट व्हाइट यांच्यासारख्या अमेरिकी भाषाचिकित्सकांनी तिच्यावर कडाडून टीका केली. आज तीच रचना पाठ्यपुस्तकातील तक्त्यात निमूटपणे बसली आहे. कालचा अपभ्रंश आजचा नियम होतो, तो असा.

विसाव्या शतकात आक्षेपाचे लक्ष्य बदलले. विल्यम स्ट्रंक यांनी १९१८मध्ये कर्तरी रचनेचा आग्रह धरला. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६च्या निबंधात, कर्तरी शक्य असेल तेथे कर्मणि वापरू नये, असा नियम दिला. मात्र त्याच निबंधात कर्मणि वाक्ये विपुल आहेत. 'गोळीबार करण्यात आला' या धाटणीच्या वाक्यात गोळी कोणी झाडली हे लपते, ही शंका रास्तच. पण 'जमावावर गोळीबार झाला' या वाक्यातही कर्ता लपतो, आणि तेथे कर्मणि रचना नाही. लपवणारा लेखक असतो. रचना केवळ सोय पुरवते. कर्ता अज्ञात असेल, गौण असेल, किंवा आधीच्या वाक्यातील विषय पुढे न्यायचा असेल, तेव्हा तीच सोय अपरिहार्य ठरते.

आणखी एक घोटाळा आपल्या वर्गांतला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली आले, तेव्हापासून मराठी आणि इंग्रजी व्याकरणाच्या संज्ञा शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यातून कर्मणी प्रयोग म्हणजेच पॅसिव्ह, असे समीकरण रूढ झाले. परंतु 'रामाने आपली पोळी खाल्ली' या वाक्यात क्रियापद कर्मानुसार चालत असले, तरी 'आपली' हे रामाकडेच निर्देश करते. वाक्याची सूत्रे रामाच्याच हाती आहेत. इंग्रजीत ते कर्तरीच होईल. मराठीचे खरे पॅसिव्ह 'खाल्ली गेली' यात आहे, किंवा जुन्या मराठीतल्या 'कीजे', 'म्हणिजे' या प्रत्ययान्त रूपांत. त्यातले 'म्हणिजे' आपण 'म्हणजे' या रूपात रोज वापरतो. 'हात्ते' इंग्रजीतून गेले. त्याच अर्थाचे त्याचे मराठी भावंड अजून नांदते आहे.

तेव्हा वाक्य उलटवून दाखवा, एवढ्यावर वर्गातला प्रश्न थांबू नये, असे आम्हांस वाटते. हे वाक्य कोणाविषयी आहे आणि कर्ता सांगितला नाही तो कशासाठी, हे विचारले की व्याकरणाचा तास वाचनाचा तास होतो.