संकठाजींचा मोहल्ला कोठवर?

सरकारी नोकरीत बदली झालेल्या माणसाचा नव्या गावाशी पहिला संबंध जडतो तो पत्त्याच्या निमित्ताने. काशीस रुजू झाल्यावर आम्हांसही एक छापील नमुना भरून द्यावयाचा होता. त्यात घर क्रमांक, मोहल्ला आणि ठाणे असे तीन रकाने होते. पहिला व तिसरा रकाना दारावरील पाटीने सोडविला. दुसऱ्याने मात्र आम्हांस अडविले. घरमालक म्हणाले, "संकठाजी लिहा." समोरचा दूधवाला म्हणाला, "सिंधिया घाट." गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पानवाल्याने आम्हांस गढवासी टोल्यात नेऊन बसविले. तिघेही जन्माने तेथलेच, आणि तिघांनाही आपल्या उत्तराविषयी तिळमात्र शंका नव्हती!

महाराष्ट्रातून आलेल्या माणसास याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे गावाला शीव असते, शिवेवर दगड असतो, आणि लग्नाचे वऱ्हाड आले की शिवेवर त्याची सामोरे जाऊन भेट घ्यावी लागते. पुण्याच्या पेठाही आज्ञेने वसलेल्या. सदाशिवरावभाऊंच्या नावाने पेठ बसवावयाची असे ठरले आणि ती बसली. त्यामुळे वस्ती म्हटली की तिचा शेवट कोठे, हा प्रश्न आपल्या मनात आपोआप येतो. तोच प्रश्न आम्ही एका संध्याकाळी संकठा घाटाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या नावाड्यास विचारला. तो हसून म्हणाला, "बाबूजी, कोठे संपतो ते काय विचारता? कोठून सुरू होतो ते विचारा." आणि त्याने वर, देवीच्या देवळाकडे बोट दाखविले.

या एका वाक्याने आम्हांस पुष्कळ काही उलगडले. काशीचा माणूस मोहल्ल्याची शीव सांगत नाही, त्याचे ठाण सांगतो. देऊळ, विहीर, आखाडा, एखाद्या सावकाराची हवेली, असे काही तरी मध्यभागी असते आणि त्याची ओढ जेथवर पोचते तेथवर तो मोहल्ला. संकठादेवीच्या दर्शनास शुक्रवारी ज्या घरांतून बायका अनवाणी निघतात ती घरे संकठाजींची. दोन देवळांची ओढ जेथे सारखीच असते तेथे घरही दोन्हीकडचे, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही.

ही रीत जुनी आहे. काशीखंडात अंतर्गृहाची मर्यादा सांगितली आहे ती नदी-नाल्यांनी नव्हे, तर देवांनी: पूर्वेस मणिकर्णिकेश्वर, दक्षिणेस ब्रह्मेश्वर, पश्चिमेस गोकर्णेश्वर आणि उत्तरेस भारभूतेश्वर. यात्रेकरूने या देवांना भेटत फिरावे, म्हणजे क्षेत्राची कड त्याच्या पायांस आपोआप कळते. संकठा घाटावरही यमेश्वर व यमादित्य ही स्थाने आहेत. यमद्वितीयेस तेथे स्नानाचे महत्त्व मानतात.

घाटांची नावे मात्र निराळ्या मार्गाने पडली. संकठा घाटाच्या पक्क्या बांधकामाशी बेनीराम पंडितांच्या घराण्याचे नाव जोडले जाते. बेनीराम हे नागपूरकर भोसल्यांचे वकील होते, आणि १७८१ साली चेतसिंहाच्या प्रकरणात वॉरन हेस्टिंग्ज अडचणीत आला असता त्यांनी त्यास साहाय्य केले होते. घाटाच्या एका अंगास बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास आरंभिलेला घाट आहे. त्याचे दगडी काम आपल्याच भाराने खचले व पुढे पुन्हा बांधावे लागले. दुसऱ्या अंगास, जरा उत्तरेकडे, नागपूरकरांचा भोसले घाट. शिंदे आणि भोसले यांच्यामधले अंतर इतिहासात कितीही मोठे असो, येथे ते काही मिनिटांच्या चालण्याचे आहे. सरदारांनी नदीच्या तोंडावर आपली नावे कोरली. मागच्या गल्लीतल्या लोकांनी मात्र आपली ओळख देवीच्याच नावाने ठेविली.

मोहल्ल्यांस प्रत्यक्ष कड आली ती फाटकांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काशीत फाटकबंदीची व्यवस्था चालू होती. रात्री गल्ल्यांच्या तोंडांची दारे लावावयाची आणि रहिवाशांच्या वर्गणीतून चौकीदार ठेवावयाचा, असा तो प्रकार होता. दारे बहुतेक गेली, नावे उरली: फाटक रंगीलदास, फाटक सुखलाल साहू, फाटक शेख सलीम. या व्यवस्थेचे बळ किती होते ते १८१०-११ साली दिसले. कंपनी सरकारने घरपट्टी बसविताच शहराने दुकाने बंद केली, कामे थांबविली आणि लोक मैदानात जाऊन बसले. पुढे १८१२ साली ती पट्टी सरकारास मागे घ्यावी लागली.

ज्यास कर घ्यावयाचा त्यास मोजणी हवी, आणि मोजणीस रेघ हवी. टांकसाळीच्या नोकरीनिमित्त काशीत दहा वर्षे राहिलेल्या जेम्स प्रिन्सेपने १८२२ साली शहराचा नकाशा केला आणि १८२८-२९ मध्ये मोहल्लेवार गणती घेतली. त्यापूर्वी घरांवरून बांधलेल्या अदमासाने लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या वर गेली होती; प्रिन्सेपची संख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास आली. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत शिरून विचारल्यावाचून या शहराचा हिशेब लागत नाही, हा त्यातला धडा होय.

आजच्या घर क्रमांकांतही तीच कारकुनी दृष्टी आहे. 'सी. के.' म्हणजे चौक, 'के.' म्हणजे कोतवाली, 'डी.' म्हणजे दशाश्वमेध. संकठाजींचे देऊळ 'सी. के. ७' मध्ये पडते. तेथून उत्तरेस रामघाट, मंगलागौरीकडे चालत गेले की पाट्यांवर 'के.' दिसू लागतो. हा बदल आमच्या ध्यानात येण्यास महिने लागले, आणि तेथे जन्म काढलेल्या शेजाऱ्यांच्या तर तो कधीच ध्यानात आला नव्हता! नगर निगमाचे प्रभागही ९० होते, ते २०२३ च्या निवडणुकीस १०० झाले. पण प्रभाग बदलला म्हणून कोणाच्या घरची पत्रिका चुकली, किंवा कोणाच्या तिरडीस खांदेकरी कमी पडले, असे ऐकिवात नाही. विणकरांच्या पंचायतींतही 'बावनी' हे नाव मोहल्ल्यांच्या संख्येवरूनच आलेले आहे. सुखदुःखाचा हिशेब तेथेही मोहल्ल्यानेच होतो.

आपल्या लोकांची वस्ती थोडी पुढे, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूस. नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात या घाटांची कामे केली आणि त्यांच्या आश्रयाने दक्षिणी कुटुंबे वसली. आपला 'वाडा' तेथे 'बाडा' झाला. आंग्र्यांचा बाडा अजून नावाने ओळखला जातो. तेथील एका आजीबाईंना आम्ही विचारले, "आपली वस्ती कोठवर, आजी?" त्या म्हणाल्या, "हळदीकुंकवाचे बोलावणे जेथवर जात असे तेथवर. आता चारच घरे आहेत, तेव्हा चार घरांपुरती."

येथे आम्हांस थांबून विचार करावा लागला. ओढीने बनलेल्या मोहल्ल्यास कोणी सहसा तोडू शकत नाही हे खरे. पण माणसेच उठली की त्याचा काही दगड मागे उरत नाही. विश्वनाथ मंदिराच्या नव्या प्रशस्त आवारासाठी, जे डिसेंबर २०२१ मध्ये खुले झाले, लाहोरी टोल्याची बहुतेक घरे पाडण्यात आली. यात्रेकरूंची सोय झाली, घरांचे मोल दिले गेले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु लाहोरी टोला कोठे होता हे आज विचारावयाचे झाले तर माणसाकडेच जावे लागते, आणि ती माणसेही आता शहराच्या कडेकडेच्या वसाहतींत पांगली आहेत.

आम्ही नमुन्यात अखेर 'संकठाजी' असे लिहून दिले. वरिष्ठांनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठविला. आम्ही दुसरे काही न लिहिता तो तसाच पुन्हा सादर केला. घरी येणारी पत्रे मात्र एकही चुकलेली नाही. वाचकांपैकी जे असेच दूरदेशी नोकरीस आहेत त्यांस आमची एवढीच विनंती की, पुढच्या बदलीचा हुकूम येण्यापूर्वी आपल्या गल्लीतल्या सर्वांत वृद्ध माणसास हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर टिपून ठेवावे.