परवानगी आधी की पैसा आधी?

बकरी ईदच्या दिवशी अब्बा आम्हा मुलांना दोन गोष्टी बजावत. जनावरासमोर सुरीला धार लावायची नाही; आणि आधी अल्लाचं नाव, मग सुरी. हा क्रम चुकला की सारंच चुकलं. पुढे बी.ए. होऊन मी एका विज्ञान महाविद्यालयाच्या कार्यालयात कारकून झालो. कविता लिहिता लिहिता प्राध्यापकांचे संशोधनाचे अर्ज टंकलिखित करू लागलो, तेव्हा क्रमाचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात माझ्या टेबलावर आला. प्राण्यांवर प्रयोग करायचा, तर परवानगी केव्हा घ्यायची? अनुदानाचा अर्ज करण्याआधी, की पैसे मिळणार असं कळल्यावर?

प्रश्न कारकुनी वाटतो. पण त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

इंग्लंडने 1876 साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी कायदा केला. प्रयोग करणाऱ्याला सरकारी परवाना लागू लागला. अमेरिकेत मात्र असा कायदा यायला 1966 साल उजाडलं, आणि त्याला निमित्त झालं एका कुत्रीचं. पेपर नावाची ही डाल्मेशियन कुत्री 1965 साली पेन्सिल्व्हेनियातून चोरीला गेली आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात प्रयोगात मेली. पुढच्याच वर्षी ‘लाइफ’ मासिकात कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांकडची भीषण छायाचित्रं छापून आली, लोक खवळले आणि कायदा झाला. पण त्या कायद्याची नजर व्यापाऱ्यावर आणि पिंजऱ्यावर होती. प्रत्यक्ष प्रयोगात काय करायचं, हे संशोधकाच्याच हाती राहिलं.

1981 साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे पोलिसांनी एका प्रयोगशाळेवर छापा घातला आणि 17 माकडं ताब्यात घेतली. त्यांतल्या अनेकांच्या हातांच्या संवेदनेच्या नसा कापलेल्या होत्या; ती माकडं घाणीत, जखमांसह आढळली. संशोधन सरकारी अनुदानावर चाललं होतं. संशोधक एडवर्ड टॉब यांच्यावर खटला झाला, पण त्यांची शिक्षा पुढे अपिलात टिकली नाही. त्यांच्याच संशोधनातून नंतर पक्षाघाताच्या रुग्णाचा लुळा हात चालता करणारी उपचारपद्धती निघाली. म्हणून या विषयात कोणाला सरळ राक्षस ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंना दुःखच आहे.

या प्रकरणानंतर 1985 साली अमेरिकेत कायदे कडक झाले. सरकारी पैशावर प्राण्यांचे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत समिती आली. आरोग्य खात्याच्या नियमानुसार तिच्यात किमान पाच माणसं हवीत. त्यांत एक पशुवैद्य, एक विज्ञानाबाहेरचा माणूस आणि एक संस्थेशी संबंध नसलेला. प्रयोगाचा आराखडा या समितीने तपासून मान्य करायचा.

आता प्रश्न आला वेळेचा. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, जुना नियम असा होता : मंजुरी अर्जासोबतच द्या, फार तर 60 दिवसांची सवलत. परिणाम असा, की समित्या कागदांत बुडाल्या. बहुतेक अर्जांना पैसे मिळतच नाहीत. म्हणजे कधीच न होणाऱ्या प्रयोगांची तपासणी करण्यात वेळ जाई. आणि जे प्रयोग खरोखर व्हायचे, त्यांच्याकडे शांतपणे बघायला उसंत उरत नसे. म्हणून 1 सप्टेंबर 2002 पासून एनआयएचने नियम बदलला. तज्ज्ञांनी अर्ज आधी पारखावा. समितीच्या मंजुरीचा दाखला नंतर दिला तरी चालेल, मात्र अनुदान मिळण्याआधी तो हवाच.

ही सोय शहाणपणाची, पण तिच्यातही धोका आहे. पैसे दारात उभे असताना समितीला ‘नाही’ म्हणणं जड जातं. हे ओळखून एनआयएचने त्याच वेळी बजावलं, की मंजुरीसाठी समितीवर दबाव आणता कामा नये. आणि तज्ज्ञांच्या सूचनेवरून प्रयोगात बदल झाला, तर संशोधकाने तो समितीला सांगितलाच पाहिजे.

आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा 1960 साली झाला. त्यासाठी राज्यसभेत आधी खासगी विधेयक आणलं होतं ते नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. एका कलावंताने हा विषय संसदेत नेला, याचं माझ्यासारख्या कवीला अप्रूप वाटतं. प्रयोगांचे सविस्तर नियम 1998 साली आले आणि संस्थांमध्ये नैतिक समित्या बसू लागल्या.

त्यानंतर काही वर्षांनी घडलेली गोष्ट. आमच्याकडून एक अर्ज जायचा होता, मुदतीचा शेवटचा दिवस होता, आणि समितीचा दाखला अर्जाला जोडायचा होता. बैठक झालीच नाही. फाईल घेऊन मीच दारोदार फिरलो. कुणी चहा पिता पिता सही केली, कुणी जिन्यात. आराखड्यात पांढरे उंदीर 60 होते. एकानेही पान उलटून पाहिलं नाही. वर्षभराने पैसे आले. तज्ज्ञांनी आराखडा बदलायला लावला होता आणि नव्या कागदावर उंदीर 96 झाले होते. तो कागदही मीच टाइप केला. बदलाला पुन्हा मंजुरी हवी होती. ती कुणी मागितली नाही. दाखला जुनाच राहिला. फरक माझ्या ध्यानात आला होता. मी दोन्ही कागद एकाच फायलीत लावले आणि गप्प बसलो.

आज वाटतं, परवानगी अर्जाआधी घ्या की नंतर, हा व्यवस्थेचा भाग आहे. दोन्ही रीती चालू शकतात. पण प्राण्याला हात लावण्याआधी कुणीतरी त्याचा कागद नीट वाचलेला असला पाहिजे. आणि जो कागद वाचला, तोच प्रयोग झाला पाहिजे. समितीवर बसणाऱ्यांनी हे पाहावंच. पण माझ्यासारखे जे कारकून आजही अशा फायली लावतात, त्यांना माझं एकच सांगणं आहे. दोन कागदांतले आकडे जुळत नसतील, तर उठून साहेबांना विचारा. फार तर ते रागावतील. त्या 36 उंदरांसाठी मी तेवढंही केलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)