दुखण्याआधीचे दुखणे

सातारा-सांगलीकडचा माणूस दुखण्याने बेजार झाला की मिरजेची वाट धरतो. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तेथे रुग्णालय उघडले, तेव्हापासूनचा हा रिवाज. परंतु दुखणे आधी आणि वाट नंतर, हा क्रम कर्करोगापुढे लंगडा पडतो. कित्येक कर्करोग येण्यापूर्वी काही वर्षे वर्दी देतात, आणि त्या वेळी माणसाला काहीच दुखत नसते.

मोठ्या आतड्यात ही वर्दी म्हणजे अस्तरावर उगवणारा मांसाचा कोंब. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ व शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून तो कापला. पुढे दुर्बीण बाहेर घेताना घाई करणाऱ्या डॉक्टराला असे कोंब कमी सापडतात, हेही मोजून सिद्ध झाले. पण प्रत्येकाला जुलाब देऊन आतडे रिकामे करावयाचे आणि प्रत्येकामागे एक कसबी डॉक्टर बसवावयाचा, हा उपाय गावोगाव नेण्याजोगा नव्हे.

गावोगाव नेण्याजोगा उपाय कोणता, याची कसोटी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीहून लागली. रोग मात्र निराळा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. तोही आधी वर्दी देतो. बार्शीत १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगाची नोंदवही ठेवली जात होती. तेथील डॉ. नेने, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि डॉ. शंकरनारायणन यांनी मिळून १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडले. एका गटात पातळ ॲसिटिक आम्ल लावून पांढरा पडणारा भाग नुसत्या डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. तिसऱ्यात एचपीव्ही या विषाणूचा शोध घेतला. चौथ्या गटात तपासणीच नव्हती.

तपासणी एकदाच झाली आणि आठ वर्षे वाट पाहिली गेली. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ या कर्करोगाने दगावल्या. विषाणू-चाचणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. चौथ्या गटाला तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा आक्षेप पुढे निघाला, आणि तो मला हलका वाटत नाही. ते चौसष्ट मृत्यू तुलनेचा एक रकाना भरण्याच्या कामी आले.

एवढ्यावरून आम्लाची पद्धत टाकाऊ ठरवणे मात्र घाईचे होईल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून तीच पद्धत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी वापरली. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या, आणि बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. एका नजरेतून सुटलेले पुढच्या नजरेत सापडत असावे. आतड्याच्या दुर्बिणीपाशीही घाईच आड येते, हे वर आलेच आहे.

२०१६ साली केंद्र सरकारने तीस वर्षांपुढील लोकांच्या तपासणीची चौकट आखली, ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी. आतड्याला तीत जागा नव्हती. गर्भाशयमुखासाठी स्वस्त म्हणून आम्लाचीच पद्धत निवडली. पण मुंबईत दोन फेऱ्यांमधले जे अंतर दोन वर्षांचे होते, ते या चौकटीत पाच वर्षांचे झाले.