पन्नास वर्षांची अट

मंडळी, गाडी किती जुनी झाली म्हणजे तिला 'विंटेज' म्हणायचे, याचे उत्तर आपल्या सरकारने जुलै २०२१ मध्ये देऊन टाकले आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली हवी, मूळ रूपात हवी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. नव्याने नोंदणी करायची तर वीस हजार रुपये फी, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची.

इंग्लंडमध्ये दुसरे महायुद्ध संपल्यावर लगेच, १९४६ साली, ॲलन नावाच्या गृहस्थांनी जुन्या मोटरसायकलींचा क्लब काढला. तो आजही चालू आहे. तिथे पंचवीस वर्षांची गाडी चालते. म्हणजे तिकडे पंचविशीत जे म्हातारपण येते, ते आपल्याकडे पन्नाशीत! (आमच्या सौ.चे म्हणणे, माणसांनाही हाच नियम लावा.)

असो. हे सगळे सांगण्याचे कारण म्हणजे आमच्या भागातला जुन्या मोटरसायकलवाल्यांचा एक गट. नाव सांगत नाही, भांडणे घरातली आहेत. मी स्वतः आयुष्यभर सायकल आणि नंतर एसटी यांवरच नोकरी केली, पण इतिहासाचा मास्तर म्हणून या मंडळींनी मला नोंदवही सांभाळायला बसवले. फेरी निघाली की कार्ला फाट्यावर एक टेबल, पाण्याचा पिंप आणि मी. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे या गाड्या देहूरोड, वडगाव, कामशेत, वलवण अशा जुन्या रस्त्यानेच लोणावळ्याला येतात. माझ्या मते ते बरेच आहे. त्या गाड्या आणि तो रस्ता एकमेकांना ओळखतात.

गाड्याही एकेक पाहण्यासारख्या. युद्धात लष्करासाठी आलेल्या आणि नंतर लिलावात निघालेल्या नॉर्टन, बीएसए, मॅचलेस. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेट. आणि सगळ्यांत जास्त, म्हैसूरची जावा. चेकोस्लोव्हाकियाची ही गाडी इराणी मंडळींनी १९६० च्या सुमारास म्हैसूरला बनवायला घेतली. पुढे १९७३ पासून तिलाच 'येझदी' नाव मिळाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, आणि ज्या दांड्याने किक मारायची तोच पुढे वळवला की गिअरचा दांडा. नवख्याने मागितली तर तो किक कुठे आहे हेच शोधत बसे.

वाद पेटला तो अशाच एका येझदीवरून. पवन मावळातले एक दूधवाले दादा १९७९ ची गाडी घेऊन आले. मागे दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायला लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेल्या, सीट ट्रॅक्टरच्या रेक्झिनचे, टाकीवर तेलरंग ब्रशने मारलेला. समितीने सांगितले, रांगेत घेता येणार नाही. पन्नास वर्षे नाहीत आणि मूळ रूपही नाही.

नियम म्हणून हे चूक नव्हते. मूळ रूपाचा आग्रह धरणारे सगळेच काही श्रीमंत हौशी नव्हते. त्यांचे म्हणणे मला पटते. एकदा मूळ रंग खरवडला की तो गेलाच, आणि कुठलीही जोडलेली गाडी चालते असे म्हटले की उद्या चार गाड्यांचे भाग जोडून 'युद्धातली बीएसए' म्हणून विकणारे येतील. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळच्या आहेत म्हणूनच आपण मान वर करून पाहतो. तिथे कोणी नवे सागवान बसवले असते तर कोण पाहणार होते?

पण याच मंडळींच्या लष्करी गाड्या क्रोमने चकाकतात! त्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा मळकट लष्करी रंगात होत्या. त्या चकचकाटाला 'मूळ' म्हणायचे आणि दूधवाल्याच्या तेलरंगाला 'बदल', हे मला काही उलगडले नाही. शिवाय आपला लोहगड पाहा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत तो आहे. त्यावर नाना फडणिसांनी पुष्कळ बांधकाम केले, ती सोळाकोनी बाव त्यांचीच. शिवकाळानंतरचे म्हणून ते कोणी वगळले नाही.

खरी गोची वेगळीच होती. फेरीच्या दिवशी राबणारे लोक कोण? कामशेत, वडगावचे मिस्त्री. मागून येणाऱ्या टेम्पोत बसून बंद पडलेल्या गाडीचा प्लग साफ करणारे, कार्बोरेटर उघडणारे. दूधवाले दादाही त्यांतलेच, पॉइंटची फट बोटाने जोखणारा माणूस. या सगळ्यांच्या स्वतःच्या गाड्या डागडुजीच्या, कारण त्या रोज वापरात. म्हणजे यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालू करायच्या आणि स्वतःच्या फाट्यामागे उभ्या करायच्या. हे मी बैठकीत बोललो. एक गृहस्थ म्हणाले, "सर, सेवा ही सेवा असते." यावर मिस्त्री मंडळी काही बोलली नाहीत. पुढच्या फेरीला चौघेजण आलेच नाहीत, आणि तीन गाड्या खिंडीतून टेम्पोत घालून आणाव्या लागल्या.

मतदान झाले, अट कायम राहिली. मग मिस्त्री लोकांनी आपली वेगळी फेरी काढली. जुलैचा दुसरा रविवार जावावाले सगळीकडे साजरा करतात, तोच दिवस. लोणावळ्यात तेव्हा पाऊस आणि पर्यटक दोन्ही धो धो, त्यामुळे ते पहाटेच निघतात आणि गर्दी व्हायच्या आत परततात. हिवाळ्यातली जुनी फेरीही चालू आहे. दोन्हीकडे टेबल माझेच. दोन्हीकडची मंडळी मला विचारतात, "तिकडे किती आल्या होत्या?" मी सांगत नाही.

हल्ली दोन्हीकडे चर्चेचा विषय मात्र एकच आहे, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी सीलचे आणि टाकीचे काय होणार. त्यापुरते दोन्ही गटांतले लोक एकमेकांना फोन करतात.

नोंदवहीत मी एक रकाना वाढवला आहे. मालक, साल, इंजिन यांच्यापुढे 'गाडीने काय काम केले'. हिवाळ्यातले बरेच जण तो कोरा सोडतात. दूधवाल्या दादांनी पेन घेऊन स्वतःच्या अक्षरात लिहिले : सकाळचे दूध, पवनानगर ते कामशेत, अजून चालू.