पॉलिमर मातीतील पदार्थानुकरण

पॉलिमर माती (पॉलिमर क्ले) या मऊ, रंगीत आणि उष्णतेने कडक होणाऱ्या कृत्रिम द्रव्यातून अकीक, पेरोज, हस्तिदंत, लाकूड इ. नैसर्गिक पदार्थांचे रूप साकारण्याची हस्तकला. नावात माती असली, तरी हे द्रव्य मुख्यत्वे पॉलिव्हिनिल क्लोराइड हे प्लॅस्टिक, ते लवचीक ठेवणारा द्रव आणि रंगद्रव्ये यांचे मिश्रण असते. जर्मनीतील बाहुलीकार केथे क्रूझे यांची कन्या सोफी (फिफी) रेबिंडर यांनी विकसित केलेली अशी माती 1964 मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने घेतली आणि ती ‘फिमो’ या नावाने प्रसिद्ध झाली.

तंत्र : मूळ पदार्थाचा केवळ रंग उचलून अनुकरण साधत नाही, त्याची अंतर्रचना ओळखून ती मातीत उभी करावी लागते. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत सिलिकायुक्त द्रावणातून थरावर थर साचून पट्टेदार अकीक बनतो. म्हणून त्याच्या अनुकृतीत अर्धपारदर्शक मातीला किंचित निरनिराळ्या छटा देऊन तिचे पातळ थर एकमेकांवर रचतात आणि मग आडवा छेद घेतात. पेरोजातील काळपट शिरा म्हणजे आधारखडकाचे अवशेष होत. त्या दाखविण्यासाठी निळसर मातीचे बारीक तुकडे काळ्या किंवा तपकिरी रंगात घोळवून दाबतात. हस्तिदंताच्या रेषांसाठी पांढरट व अर्धपारदर्शक पातळ पत्रे आलटून पालटून रचून, कापून पुन्हा रचतात. घडविलेली वस्तू उत्पादकाने सांगितलेल्या तापमानास, बहुधा 110 ते 130° से. दरम्यान, भाजून ओल्या पॉलिशपेपरने घासतात व चकाकी देतात. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास माती करपून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. म्हणून हवेशीर जागा व तापमापक आवश्यक असतात आणि या कामाची भांडी स्वयंपाकास वापरू नयेत.

पूर्वपरंपरा : एका पदार्थात दुसऱ्याचे रूप उतरविण्याची कला महाराष्ट्रात प्राचीन आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील बौद्ध लेण्यांत, ज्यांचे खोदकाम इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झाले, लाकडी इमारतीचे वासे व कमानी खडकात कोरलेल्या आहेत; कातळाच्या छताला वाशांच्या आधाराची गरज नसतानाही शिल्पींनी सुताराची रचना बारकाईने पाळली. येथील एका यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख आहे, यावरून दागिन्यांच्या नाजूक कामात मुरलेला हात दगडाकडेही वळत होता, हे दिसते. दोन्ही परंपरांत माध्यमे अगदी भिन्न असली, तरी मूळ पदार्थाची घडण जाणून घेण्याची शिस्त एकच आहे.

महत्त्व : दुर्मिळ किंवा निषिद्ध पदार्थांना अनुकरण पर्याय पुरविते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 व त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताचा व्यापार बंद झाला असून, 1989 मध्ये वन्यजीवांच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स या करारातील राष्ट्रांनीही आफ्रिकी हत्तींच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. पॉलिमर माती मात्र प्लॅस्टिकच असल्याने तिला निसर्गस्नेही म्हणता येत नाही. तिच्यातील अनुकृती मूळ वस्तू म्हणून विकणे ही फसवणूक होय. ती अनुकृती म्हणूनच मांडली, तर कारागिराच्या निरीक्षणाला व कौशल्याला खरे मोल लाभते.